बारा सोप्या वाटा

सोमवार, ३ फेब्रुवारी

छापखान्याच्या मालकांना आज 'हो' म्हणून आले. बंदर मागे टाकून तासभर गाडीने गेलं की डोंगर लागतात. तिथल्या जंगलातल्या पायवाटांवर एक पुस्तिका काढायची आहे. मुलाबाळांना घेऊन चालता येतील अशा बारा वाटा, शाळेच्या सुट्ट्या लागायच्या आत. मी म्हटलं, अहो, मी जन्मभर तुमच्याकडे मुद्रितं तपासली, दुसऱ्यांच्या चुकांवर लाल पेन फिरवलं, स्वतः कधी एक ओळ लिहिली नाही. तर म्हणाले, "ताई, म्हणूनच तर तुम्ही. तुम्ही एखादी वाट सोपी म्हणालात तर ती सोपीच असणार. तुमच्याइतकं घाबरट माणूस माझ्या बघण्यात नाही." ही स्तुती होती की काय, अजून ठरत नाही.

घरी येऊन यांना सांगितलं. म्हणजे नवऱ्याला. स्वतःच्या दैनंदिनीत तरी सरळ 'नवरा' लिहायला काय हरकत आहे, पण हात 'हे' असंच लिहितो. यांचं सगळं आयुष्य मासळीबाजारात लिलाव पुकारण्यात गेलं. माणूस निवृत्त झाला, घसा झालेला नाही. शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अगं, मग बूट आणायला हवेत!"

मी म्हटलं, बूट राहू द्या. कुणाचं लेकरू माझ्या शब्दावर विसंबून तिकडे गेलं आणि घसरून पडलं तर?

"अजून एक अक्षर लिहिलं नाहीस आणि लेकरू पडलंसुद्धा?" असं म्हणून हे पोट धरून हसले. यांना माझी भीती म्हणजे घरबसल्या करमणूक. पण मन चिंती ते वैरी न चिंती, त्याला मी काय करू? झोपायला जाताना गॅस दोनदा बघते, तो काही हौसेने नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

पहिली वाट झाली. ओढ्याची.

गाड्या लावायची जागा सपाट आहे, शौचालयात नळाला पाणी आहे (सोडून बघितलं), पुढे ओढ्याच्या कडेने फळ्या टाकलेली वाट, मग दगडी पायऱ्या आणि धबधबा. सुरुवातीला चौकी आहे, तिथे एक वनरक्षक असते. माझ्या लेकीहून लहानच असेल, पण कमरेवर हात ठेवून बोलते. मी तिला विचारलं की एखादी वाट सोपी की अवघड हे तुम्ही कसं ठरवता. म्हणाली, "आमच्याकडे कागदावर नुसतं अंतर असतं, काकू. अंतरावरून काय कळतं? सपाट असेल तर लांब वाटसुद्धा सोपी. तुमचं तुम्हीच ठरवा."

'सोपी' हा शब्द छापला जाणार आणि त्याला आधार काय, तर मला वाटलं म्हणून!

उत्तर यांनीच दिलं, तेही नकळत. धबधब्याकडच्या पायऱ्या चढताना बाजारातल्या दोन भावांनी एकमेकांविरुद्ध बोली लावून एकच टोपली कशी चौपट भावाला घेतली, ते सांगत होते. गोष्ट मी शंभरदा ऐकली आहे. निम्म्या पायऱ्यांवर आवाज थांबला. वळून बघितलं तर हे उभे राहून श्वास घेत होते. पुढच्या सपाटीला गोष्ट पुन्हा सुरू. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस जागेपणी गप्प बसत नाही. मग यांची बडबड हीच माझी मोजपट्टी! सारखं बोलत चढता आलं तर वाट सोपी. वाक्य मध्ये तोडून श्वास घ्यावा लागला तर मध्यम. बोलणं बंदच पडलं तर अवघड, ती पुस्तिकेत नको. यांचं वय, यांचं पोट, यांचे गुडघे बघता यांना जे जमेल ते सहा वर्षांच्या मुलाला जमेल आणि त्याच्या आजोबांनाही.

चौकीवर परतताना वनरक्षकाला सांगितलं. ती हसली, पण म्हणाली, "पद्धत काही वाईट नाही. दम लागला की बोलणं तुटतंच." हे खूश. म्हणाले, "बघ, माझ्या तोंडाचा शेवटी उपयोग झाला."

ओढ्याची वाट: सोपी. (पायऱ्या थोड्याच आहेत म्हणून सोडून दिल्या.)

रविवार, १६ फेब्रुवारी

या आठवड्यात दोन वाटा. उंच नेच्यांमधून जाणारी एक, आणि जुन्या लाकूडतोड्यांच्या रस्त्याची एक.

एक गोष्ट लिहून ठेवते, मोठ्याने कुणाला सांगणार नाही. मला तिथे भीती वाटत नाही. घरी वाटते, लिहायला बसल्यावर वाटते. पण वाटेवर एकदा पाय पडला की डोळे आपोआप कामाला लागतात. कुठला दगड हलतो, कुठे मुळं वर आली आहेत, लहान मूल कुठे हात सोडून पळेल. मुद्रित वाचताना व्हायचं तसंच. एका पुलाचा कठडा सैल होता, तो वनरक्षकाला सांगितला आणि परत येईपर्यंत तिने तार आवळलीसुद्धा. लाकूडतोड्यांच्या रस्त्यावर तर मी अशी चालत सुटले की हे पार मागे राहिले. आवाज येत होता, म्हणजे आहेत, एवढंच.

परत येताना मात्र हे जरा गप्प होते. भूक लागली असेल. दोन्ही वाटा सोप्या.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

यांना नवीन नाद लागला आहे, पक्ष्यांचा. ज्या माणसाने जन्मभर माशाखेरीज दुसरा जीव पाहिला नाही, तो आता प्रत्येक वळणावर थांबतो आणि झाडात बघत राहतो. "थांब गं, काहीतरी हललं." मी थांबते. काही दिसत नाही. दोन मिनिटांनी हे म्हणतात, "उडाला." आज चौथ्या, टेकडीच्या वाटेवर इतके पक्षी उडाले की डबा उघडेपर्यंत दुपार कलली.

मी विचारलं, "रंग काय होता?"

"तपकिरी."

"मघाचाही तपकिरीच होता."

"जंगलात तपकिरीच असतात," हे म्हणाले आणि खाली बसून बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागले. नाडीही आज चार वेळा सुटली. नवीन बूट म्हणजे नुसता ताप.

या वाटेवर यांची वाक्यं तुटत होती, त्यामुळे 'मध्यम' लिहिलं. मला ती सोपी वाटली होती, पण माझ्या वाटण्याला काय अर्थ आहे? पद्धत म्हणजे पद्धत.

बुधवार, ५ मार्च

यांची दाढ दुखते आहे. खालची, डावीकडची. गंमत अशी की घरी दुखत नाही, चढावरच दुखते, आणि बसलं की थांबते. मी कारण शोधून काढलं. वरच्या बाजूला समुद्राचं गार वारं येतं आणि यांचं तोंड कायम उघडं, मग दाढेत कळ जाणार नाही तर काय! आज ओढून दाताच्या डॉक्टरकडे नेलं. मी बाहेर बसले होते. आत बराच वेळ बोलणं चाललं होतं. बाहेर आले आणि म्हणाले, "दाढ ठणठणीत आहे. गार पाणी पिऊ नका म्हणाला."

एवढं सांगायला इतका वेळ?

"जुनं बाजारातलं गिऱ्हाईक निघालं गं. गप्पा मारत बसलो."

घरी येताना नेहमीसारखी बडबड नव्हती. माझा हात धरून रस्ता ओलांडला. एरवी मी यांचा धरते.

शुक्रवार, १४ मार्च

आज भांडण झालं. सहावी वाट अर्धी सोडून परत आलो. चढ लागला तसे हे खडकावर बसले आणि म्हणाले, "पुढचं तू बघून ये, मी बसतो."

मी म्हटलं, तुमच्याशिवाय मला कसं कळणार सोपी की मध्यम? तर म्हणाले, मध्यम लिही. मी म्हटलं, असं न चालता कसं लिहू? मग माझ्या तोंडून गेलं, "तुम्हाला माझं काम बघवत नाही. इतकी वर्षं सगळ्यांनी तुमचा आवाज ऐकला. आता माझं चार लोक वाचणार, ते तुम्हाला सोसत नाही."

हे कधी नव्हे ते काहीच बोलले नाहीत. घरी आल्यावर सरळ पडून राहिले, दोन उशा घेऊन. हल्ली दोन लागतात. पित्त वर येतं म्हणतात. पित्ताच्या औषधाची मोठी बाटली स्वतःच आणून ठेवली आहे, मला न सांगता. रुसवे किती प्रकारचे असतात!

शनिवार, १५ मार्च

सकाळी उठले तर हे बूट घालून दारात बसलेले. "चल. कालची राहिली ना अर्धी?" मला फार वाईट वाटलं. पण गेलो. ती वाट मध्यम निघाली. चढावर बोलणं जवळजवळ बंदच होतं, पण रुसव्यातलं गप्प बसणं आणि दमाचं गप्प बसणं यात फरक करायला हवा, म्हणून 'अवघड' लिहिलं नाही.

रविवार, २३ मार्च

परवा छापखान्याचे मालक कच्चा मजकूर वाचून घरी आले. "ताई, नऊ वाटांमध्ये पाच मध्यम? घरातली माणसं पोराबाळांना घेऊन निघणार, त्यांना 'मध्यम' वाचून धडकी भरेल. ती टेकडीची वाट माझ्या आईने केली आहे हो."

मी म्हटलं, तुमच्या आईने केली असेल. मी माझ्या पद्धतीने तपासली आहे. पुस्तिका खपावी म्हणून एखाद्या लेकराचा पाय मोडायचा का? त्यांचा चेहरा उतरला. मीच घाबरट म्हणून मला निवडलं, आता भोगा म्हणावं.

मनातून मात्र धाकधूक होती. म्हणून त्यांच्यासमोर कबूल केलं की जुन्या वाटा पुन्हा तपासते. काल लाकूडतोड्यांच्या रस्त्यावर पुन्हा गेलो. आणि बरं झालं गेलो! फेब्रुवारीत जिथे हे अखंड बोलत होते तिथे काल तीन वेळा थांबले, पुढे तर एक अक्षर नाही. म्हणजे पहिल्या वेळी उत्साहाच्या भरात मी नीट ऐकलंच नव्हतं. ती वाटही आता मध्यम केली. कुणी फसण्याआधी चूक सापडली म्हणून जीव भांड्यात पडला.

चहाला हे बाहेर आले नाहीत. मालक आतल्या खोलीत डोकावून म्हणाले, "काका बारीक झालेत." मी म्हटलं, चालण्याचा परिणाम. पोट गेलं, चांगलंच झालं.

सोमवार, ३१ मार्च

आज चौकीवर गेले, एकटीच, बसने. हे म्हणाले, दाढ. वनरक्षकाला मजकूर दाखवला. तिने वाचला, पुन्हा वाचला, मग माझ्याकडे बघितलं.

"काकू, टेकडीची वाट मध्यम? परवा बालवाडीची मुलं नेली मी त्या वाटेने. वरपर्यंत गाणी म्हणत गेली. एकाच्या हातात तर बाहुली होती."

"लहान मुलांना दम लागत नाही," मी म्हटलं.

"त्यांच्या बाई माझ्या आईच्या वयाच्या आहेत. त्याही गात होत्या."

मी कागद ओढून घेतले. ती अजून काहीतरी विचारणार होती, "काका आज...?" असं म्हणालीसुद्धा, पण माझी बस आली होती. दिवसभर डोकं भणभणतं आहे. एक तर ही मुलगी चुकते आहे, नाहीतर माझी पद्धत चुकते आहे. पद्धत चुकत असेल तर सगळ्या वाटा चुकल्या, आणि इतक्या दिवसांची मेहनत पाण्यात. सुट्ट्या तोंडावर आल्या.

यांना विचारलं, "खरं सांगा, टेकडीच्या वाटेवर तुम्हाला दम लागला होता ना?"

"चढ आहे तो," हे म्हणाले. म्हणजे झालं. लेक येणार आहे नातीला घेऊन. तिला नेऊन सोक्षमोक्ष लावते.

सोमवार, १४ एप्रिल. रुग्णालय

लिहिते आहे कारण नुसतं बसवत नाही. लेक नातीला घेऊन घरी गेली. मला आत सोडत नाहीत.

काल सकाळी टेकडीच्या वाटेवर गेलो. गाडीपाशीच हे म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी इथे बाकावर बसतो." नात रुसली, "आजोबा, वरून समुद्र तुम्ही दाखवणार होता!" हे म्हणाले, आजी दाखवेल. मला राग आला, पण पोरीसमोर काय बोलणार?

आम्ही चढायला लागलो. नात बोलत होती. वर्गातल्या कुणाचा दात पडला, कुणी कुणाचा रबर घेतला, बाईंनी काय शिक्षा केली. चढ लागला तरी बोलत होती. लेक मागून फोनवर जावयाशी हसत होती. जिथे हे त्या दिवशी इतका वेळ पक्षी बघत उभे होते, ते वळण आलं. मी मागे वळून लेकीला म्हटलं, "फोन ठेव आधी, इथे चढ आहे, पाय घसरला म्हणजे कळेल, एका हाताने पोरीला धरायचं सोडून काय खिदळत चालली आहेस!"

आणि मी तिथेच थांबले. ते सगळं वाक्य मी एका दमात म्हटलं होतं. चढता चढता. मला साधी धापही लागली नव्हती.

मग सगळं एकदम दिसलं. तपकिरी पक्षी. नाडी. दाढ, जी फक्त चढावर दुखते. दोन उशा. मी प्रत्येक दगड हलवून बघितला होता, कठड्याची तारसुद्धा सोडली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा. वाट अवघड नव्हतीच कधी.

लेक म्हणाली, "आई, काय झालं? पांढरी पडलीस."

"बाबांना दम लागतो," मी म्हटलं.

"कधीपासून?"

मी उत्तर न देता खाली धावले. बाक रिकामा होता. गाडी कुलूपबंद. हाका मारल्या. ज्या माणसाची हाक अख्ख्या बाजाराला ऐकू जायची, त्याच्याकडून साधी ओसुद्धा आली नाही. लेकीला पोरीसकट चौकीवर पळवलं. तेवढ्यात बाकामागची उभी वाट दिसली. ती वनखात्याची माणसं सामान न्यायला वापरतात, आणि ती थेट वर माथ्यावर निघते. आम्ही तिकडे जाऊ नका असं पुस्तिकेत लिहिणार होतो.

मी एकटी त्या वाटेने चढले. कशी, ते आठवत नाही.

दुसऱ्या वळणावर हे दगडाला टेकून बसले होते. सदरा घामाने पिळून काढावा इतका ओला. चेहऱ्यावर राखेचा रंग. मला बघितलं आणि हसायचा प्रयत्न केला. "पोरगी म्हणाली ना, आजोबांनीच दाखवायचा," एवढं बोलायला फार वेळ लागला. मग म्हणाले, "बघ, केवढा मोठा पक्षी होता."

मी म्हटलं, "हो, दिसला मला."

वनरक्षक झोळी घेऊन आली. बरोबर दोन माणसं होती. तिने फोनवर डॉक्टरांना विचारून यांना एक गोळी चावायला लावली, आणि गाडी अशी चालवली की एरवी मी ओरडले असते.

इथे आल्यावर डॉक्टरांनी यांना विचारलं, त्रास कधीपासून? हे म्हणाले, "आजच, पहिल्यांदा." मी शेजारी उभी होते. माझं तोंड उघडलंच नाही.

गुरुवार, १७ एप्रिल

हृदयाच्या तीन नळ्या अरुंद झाल्या आहेत. सोमवारी छाती उघडून ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, धोका आहे, पण न करण्यात जास्त आहे. सह्या केल्या. कशावर केल्या ते वाचलं नाही. मी, जिने कधी न वाचता काही पुढे जाऊ दिलं नाही.

दुपारी यांना जरा बरं वाटत होतं. मी ठरवलं होतं की काही बोलायचं नाही. पण सुरू झाले ते थांबले नाही. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी पडदा ओढून घेतला. दाताच्या डॉक्टरने त्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे, दाढ बरी आहे, तुम्ही आजच्या आज हृदयाच्या डॉक्टरकडे जा. आणि हा माणूस मला गार पाण्याची गोष्ट सांगत घरी आला!

मी दमल्यावर हे म्हणाले, "सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"काय केलं असतं म्हणजे? उचलून इथे आणलं असतं!"

"आणलं असतंस. आणि बूट माळ्यावर टाकले असतेस. माझेही आणि तुझेही."

टाकलेच असते.

"त्या लाकूडतोड्यांच्या रस्त्यावर तू माझ्या पुढे चालत होतीस," हे म्हणाले. थांबत थांबत बोलत होते. "लग्नाला इतकी वर्षं झाली, तू कधी माझ्या पुढे चालली नव्हतीस. एकदाही मागे वळून बघितलं नाहीस, पडलो का, हरवलो का. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. म्हटलं, होऊ देत हिच्या बारा वाटा. बारा झाल्या की जाऊ डॉक्टरकडे."

"आणि अकराव्या वाटेवर मेला असता तर?"

"तर पुस्तिकेत अकराच छापायच्या," म्हणाले आणि हसले. मला हसू आलं नाही. अजूनही येत नाही. इतका राग आणि इतकी माया एकाच वेळी एका माणसाची येऊ शकते हे मला माहीत नव्हतं. ते दोन-अडीच महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते आणि त्यांच्या पायी हा माणूस मरायला टेकला. दोन्ही खरं आहे. त्याचं मी काय करू?

संध्याकाळी मोठे डॉक्टर आले. त्यांनी पुन्हा विचारलं, छातीत, जबड्यात, कुठेही, नक्की कधीपासून? हे म्हणाले, "रविवारपासून."

मी म्हटलं, "नाही. फेब्रुवारीपासून. पहिल्यांदा धबधब्याच्या पायऱ्यांवर, निम्म्यात. मग लाकूडतोड्यांच्या रस्त्यावरून येताना. चौथ्या वाटेपासून प्रत्येक वळणाला. मार्चच्या सुरुवातीपासून डावा जबडा. मार्चच्या मध्यापासून झोपताना दोन उशा."

डॉक्टर लिहीत होते, ते थांबले. "तुम्हाला इतकं नेमकं कसं माहीत?"

"मी बरोबर होते," मी म्हटलं.

मंगळवार, २२ एप्रिल

काल ऑपरेशन झालं. संध्याकाळपर्यंत माझ्यात जीव नव्हता. आज डोळे उघडले. मला ओळखलं. बाकी काही लिहवत नाही.

रविवार, १ जून

हे घरी येऊन महिना झाला. रोज सकाळी रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत आणि परत, एवढंच चालायचं. छातीवरच्या टाक्यांना अजून हात लावू देत नाहीत. मालकांनी सगळ्या सुट्ट्या जाऊ दिल्या आणि एकदाही विचारलं नाही. परवा मीच फोन केला. म्हटलं, मजकूर फाडून टाका, सगळ्या वाटा मी पुन्हा चालणार आहे. ते म्हणाले, पुढच्या सुट्टीला काढू, ताई, घाई नाही. यांना मात्र घाई. "आधी ओढ्याची बघून ये." आज वनरक्षक तिच्या सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर येणार होती. सकाळी तिचा फोन आला की आईला बरं नाही, जमणार नाही.

मी बूट परत ठेवायला निघाले.

"जा ना तू," हे म्हणाले.

"एकटी?"

"वाट सोपी आहे ना?"

"ते आता मला कुठे माहीत आहे?"

"मग बघून ये. लेक आहे माझ्यापाशी."

गेले. बसने, एकटी. त्या पायऱ्यांवर एक आजी नातवाला गोष्ट सांगत माझ्या पुढे चढत होती, मी तिच्या मागे राहून ऐकत गेले. धबधब्याला पाणी कमी होतं. माझं सारखं यांच्याकडे लक्ष जात होतं, म्हणजे घराकडे. पण पाय नीट पडत होते. ओढ्याची वाट: सोपी. पायऱ्यांसकट.

परतीची बस चुकली. खाली ओढ्याकडे फोन लागत नाही. पुढची बस मिळून घरी यायला दिवेलागण झाली.

हे दारात उभे होते. लेक म्हणाली, "दुपारपासून बसलेच नाहीत गं. दहा वेळा फाटकापर्यंत जाऊन आले." यांनी माझा हात धरला तर यांचाच हात गार होता. ओरडतील असं वाटलं, पण ओरडले नाहीत.

"मी बाजारातून उशिरा यायचो," शेवटी म्हणाले, "तेव्हा तुला असं व्हायचं?"

"व्हायचं."

"रोज?"

"रोज," मी म्हटलं आणि बुटाच्या नाड्या सोडायला खाली बसले.